वर फक्त आकाश

छताला रंग द्यायचा होता म्हणून मी तो कागद खरवडला. माझं चुकलं असेल तर एवढंच.

न्यूझीलंडला, ख्राइस्टचर्चमधलं हे बैठं घर मी माझा नवरा विवेक वारल्यानंतर घेतलं. भाऊ पुण्याला परत ये म्हणून मागे लागला होता, पण मी हट्टी. मला आणि माझ्या लेकीला, इराला, स्वतःचं छप्पर हवं होतं. आधीची जपानी मालकीण भिंतीवर उंच एक लाकडी फळी सोडून गेली होती. आयतं देवघर मिळालं म्हणून मी तिथे आमचा गणपती बसवला. फळीच्या बरोबर वर, छताला, एकाच जपानी अक्षराचा तो कागद होता.

रंग वाळला त्या संध्याकाळी, मी दिवा लावत असताना वर कोणीतरी चाललं. सावकाश, टाचा टेकवत. गणपतीच्या डोक्यावर येऊन थांबलं.

पॉसम असेल, म्हटलं; मांजराएवढा हा प्राणी इथे छपरात शिरतो. मी इमारतींची इंजिनियर आहे. शिडी लावून छपरात डोकं घातलं. जेमतेम हातभर पोकळी, इन्सुलेशनचा गुलाबी कापूस आणि कुबट वास. माणूस तिथे रांगूही शकला नसता. कापूस मात्र पावलापावलाच्या अंतराने दबलेला होता.

शेजारच्या फुमिकोबाईंना विचारलं. त्यांच्या शिंतो धर्मात झाडात, दगडात, चुलीतसुद्धा देव असतो, त्याला कामी म्हणतात. घरातल्या कामीच्या डोक्यावर कोणाचा पाय पडू नये, म्हणून वर मजला असला की छताला 'ढग' असं लिहून लावतात. इथून वर फक्त आकाश आहे, असं सांगायला.

"पण माझ्या घराला वरचा मजलाच नाही," मी म्हटलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "नाही ना... म्हणूनच तो कागद कशाला, हे मी त्या मालकिणीला कधी विचारलं नाही."

इरा रोज माझ्या कुशीत शिरून म्हणायची, "आई, कॅन वी गो टू मामाज हाउस?" भीती मलाही वाटत होती, पण घर सोडायचं नाही हे ठरलेलं होतं. मी कोरे कागद घेतले, ठळक अक्षरांत 'आकाश' लिहिलं आणि पहिला गणपतीवर लावला. पावलं तिथून हटली आणि इराच्या खोलीवर गेली. तिथेही लावला. मग स्वयंपाकघर, बाथरूम, पॅसेज. शेवटचा कागद चिकटला आणि वर सगळं शांत झालं. त्या रात्री इरा कितीतरी दिवसांनी एकटी झोपली. मी जिंकले होते.

सकाळी शाळेची गडबड. इरा दारात पायात रबरी जँडल्स घालायला वाकली आणि तशीच थांबली.

"आई... हूज आर दीज?"

आमच्या जँडल्सच्या शेजारी जुन्या लाकडी चपलांचा एक जोड होता. घरात येताना काढून ठेवावा तसा, नीट. वर पाय ठेवायला मी जागाच ठेवली नव्हती.

मी एक चप्पल उलटी केली. तळाला गुलाबी कापूस चिकटला होता.