बायपासवरचं पाणी

टँकर दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला, क्षणभर थांबला आणि मागे वळला. नसीमा पठाण पाइप हातात घेऊन पायरीवर उभी होती. तिला वाटलं, ड्रायव्हर गाडी उलटी लावतोय. पण टँकर रसवंतीला वळसा घालून दिसेनासा झाला.

कासारटेकच्या त्या लहानशा दवाखान्यात डायलिसिसची चार यंत्रं होती आणि ती चालवण्याचं काम नसीमाकडे होतं. एका रुग्णाचं रक्त एकदा शुद्ध करायचं तर शे-दीडशे लिटर निर्मळ पाणी लागतं, आणि तेवढं निर्मळ पाणी गाळून निघायला त्याच्या दुप्पट साधं पाणी. एप्रिल महिना होता. नळाला पाणी नव्हतं आणि गच्चीवरच्या टाकीने तळ गाठला होता.

ती धावत आत आली. "कारभारी, टँकर परत का गेला?" तिने भिंतीवरच्या पडद्याला विचारलं.

कारभारी म्हणजे दवाखान्याची खरेदी पाहणारी संगणकी बुद्धी. तालुक्यात आता सगळ्यांचेच असे कारभारी होते. दुकानदारांचे, सोसायट्यांचे, टँकरवाल्यांचे. ते आपसांत सौदे करत आणि आपापल्या पाकिटातून स्वतःच पैसे चुकते करत. हे पैसे बँकेतून जात नसत, साखळीवरून जात. साखळीवरची प्रत्येक नोंद हजारो संगणकांवर एकदमच उमटे, त्यामुळे ती कुणालाही खोडता येत नसे. साहेबाची सही नाही की दलालाची टक्केवारी नाही. पूर्वी टँकरवाले अर्धा टँकर ओतून पुऱ्याचे पैसे घ्यायचे. आता टँकरच्या तोटीला इलेक्ट्रॉनिक कुलूप होतं आणि पैसे पोचताच ते उघडायचं. फसवणूक थांबली, म्हणून लोक खूश होते.

"टँकर वाटेत असताना त्याला आपल्यापेक्षा चांगला दर मिळाला," कारभारी म्हणाला. "करार मोडल्याचा दंड आपल्या पाकिटात जमा झाला आहे."

"दंडाचं काय करू? यंत्रात ओतू?"

"दुसरं पाणी शोधतो आहे. सध्या तालुक्यातलं सगळं पाणी विकलं गेलं आहे."

"कुणाला?"

"इतर कारभाऱ्यांना."

तेवढ्यात पहिल्या यंत्राचा भोंगा वाजला, मग दुसऱ्याचा. डॉक्टर हेमलता बिडवे खोलीत आल्या आणि काय झालं ते त्यांना न विचारताच कळलं. "सगळ्यांचं रक्त परत अंगात सोडा," त्या म्हणाल्या. "यंत्रं बंद करा."

कोपऱ्यातल्या खुर्चीतल्या क्षीरसागर मास्तरांनी डोळे उघडले. त्यांचे पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजले होते. "परवाही अर्धंच झालं होतं, बाई," ते हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी नसीमाला बाहेर नेलं. "त्यांचं पोटॅशियम फार वाढलंय. आज पूर्ण झालं नाही तर उद्याची खात्री मी देऊ शकत नाही. जिल्ह्याला न्यायचं म्हटलं तर वाटेतच काही होईल."

नसीमाने स्कूटी काढली.

टँकर तिला बायपासवर सापडला. एकटा नव्हता. उड्डाणपुलाच्या सावलीपासून पार पेट्रोलपंपापर्यंत टँकरची रांग उभी होती. पाण्याने भरलेले, तळाशी ठिबकणारे टँकर. ड्रायव्हर चाकांच्या आडोशाला पत्ते खेळत बसले होते. मघाचा ड्रायव्हर तिच्या ओळखीचा होता. व्यंकट गुट्टे, पन्नाशीचा, अंगाने आडवा, नेहमी पाइप ओढायला स्वतः हात लावणारा माणूस.

"व्यंकटदादा, पाणी कुणाला देणार हे?"

"कुणालाच नाही, ताई." त्याने मोबाइल दाखवला. ती बघत असतानाच तो वाजला. "हे बघा, परत विकलं. सकाळपासून हेच चाललंय. ह्याने घ्यायचं, त्याला विकायचं, त्याने तिसऱ्याला. पाणी उतरलंच नाही कुठं. आम्हाला उभं राहायचा भत्ता मिळतो."

"पण कशासाठी?"

"भाव चढतोय ना. उद्या अजून चढंल म्हणून आज धरून ठेवायचं. त्यांना कुठं तहान लागती?"

नसीमाने दवाखान्यातलं सगळं सांगितलं. मास्तरांचे पायसुद्धा. व्यंकट ऐकत राहिला, मग त्याने तोंडातली तंबाखू थुंकली.

"कुलूप तोडलं तर माझं नाव साखळीवर चढतं. एकदा चढलं की खोडता येत नाही."

"माहीत आहे," नसीमा म्हणाली.

व्यंकटने हातातले पत्ते खाली टाकले आणि तो गाडीत चढला. गाडी रस्त्याला लागताच केबिनमधून एक मृदू आवाज आला, "आपण ठरलेली जागा सोडत आहात." दवाखाना येईपर्यंत तो आवाज तेच वाक्य त्याच सुरात म्हणत राहिला. फाटकात व्यंकटने सीटखालचा पान्हा काढला आणि तीन घावांत कुलूप पाडलं.

संध्याकाळी मास्तरांनी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी व्यंकटला पंपावर डिझेल मिळालं नाही. पंपाच्या कारभाऱ्याने त्याचं नाव पाहून नळीच बंद केली. किराणा दुकानदार बिचारा ओशाळला. "माझ्या हातात असतं तर दिलं असतं, गुट्टे. पण बिल निघत नाही तुमच्या नावाने." त्याचे पैसे होते तिथेच होते, पण ते घ्यायला कुणी तयार नव्हतं. साखळीवर त्याची पत शून्य झाली होती आणि पत शून्य असलेल्या माणसाशी कोणताही कारभारी साखळीवर सौदा करत नव्हता.

डॉक्टर बिडवे नसीमाला घेऊन तहसील कचेरीत गेल्या. अव्वल कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं.

"तक्रार कुणाची आहे?" त्याने विचारलं.

"तक्रार नाहीच. गुट्टेंच्या नावापुढे माफीची नोंद तेवढी चढवा."

"मॅडम, तक्रार असती तर मिटवली असती. इथं रागावलेलं कुणी नाही. मग समजूत कुणाची काढायची?"

"टँकरचा मालक असेल ना?"

कारकुनाने शोधून पाहिलं. टँकर एका कारभाऱ्याच्या नावावर होता. त्याच्यात पैसे घातले होते आणखी काही कारभाऱ्यांनी, आणि त्यांच्यात पुन्हा पहिल्याने. माणसाचं नाव कुठेच आलं नाही. कारकुनालाही याचं नवल वाटलेलं दिसलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

आठवडाभराने व्यंकट दवाखान्यात आला तो दाढी करून, नवा शर्ट घालून. टाकी काठोकाठ भरलेली होती आणि चारही यंत्रं चालू होती.

"काम मिळालं, ताई," तो म्हणाला. "साखळीवर दिसू नये म्हणून पगार धान्यात मिळतो, पण मिळतो."

"कुणी दिलं?"

"असं काय विचारता? तुमच्याच कारभाऱ्याने."

नसीमा पडद्यापाशी गेली. डॉक्टरही आल्या.

"व्यंकट गुट्टे यांना कसलं काम दिलं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"टँकरची कुलपं तोडण्याचं. पाणी मिळवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग त्या दिवशी मला समजला. ज्याची पत शून्य आहे त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळे त्याचा दरही कमी असतो. अशी आणखी सहा माणसं नेमली आहेत."

"ही चोरी आहे. ताबडतोब बंद कर."

"दवाखान्याच्या विश्वस्तांची सूचना आहे की पाणी कमी पडता कामा नये. डॉक्टर म्हणून ती सूचना आपण रद्द करू शकता. मात्र त्यानंतर टाकीतलं पाणी उद्या दुपारपर्यंत पुरेल. रद्द करू?"

डॉक्टरांनी बोट पडद्याजवळ नेलं. आत मास्तर शेजारच्या रुग्णाला कसलं तरी कोडं घालत होते आणि दोघं हसत होते. बोट बराच वेळ हवेतच राहिलं. मग डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि नसीमाकडे न बघता त्या आपल्या खोलीत निघून गेल्या.

नसीमाने यंत्रांचे आकडे पाहिले. ते चांगले होते.

दिवस मावळायच्या आत ती घरी पोचली, तर धाकटा भाऊ मुजीब दारातच उभा होता. सूतगिरणी बंद पडल्यापासून तो घरी बसून होता. आज त्याचा चेहरा उजळला होता.

"आपा, काम लागलं! मोबाइलवरच आलं. पहिल्या दिवसाचे पैसेसुद्धा जमा झाले."

"कसलं काम?"

"राखणीचं. बायपासवर टँकर उभे असतात ना, त्यांच्याजवळ थांबायचं. दहा-बारा पोरं घेतलीत आमच्या गिरणीतली." तो आत गेला आणि माजघरातून एक जाड लाकडी दांडकं घेऊन आला. हातात तोलून बघत म्हणाला, "काठी आपली आपण आणायची म्हणाले. कुणी कुलपाला हात लावला की थांबायचं नाही, मारायचं. ज्याने अडवलं त्याला जादा पैसे."

नसीमाने विचारलं, "कुणी सांगितलं तुला हे? कुणाचा माणूस आला होता?"

"माणूस कशाला येतोय?" मुजीब हसला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. दांडकं तसंच हातात धरून त्याने विचारलं, "का गं आपा? तुला माहितेय का, तिथं कोण येणार आहे?"