चमकणाऱ्या नाण्यांचा माग

"घड्याळजी, ही नाणी तुम्ही कोळशाच्या खाणीतून उकरलीत की काय?" नाणेवाल्या आजोबांनी चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"आणि तुमची? कालच कंडक्टरने सुट्टे म्हणून दिलेली दिसताहेत," भिंगरीच्या आजोबांनी लगेच टोला परत केला.

भिंगरीने हसू दाबलं. सुट्टीत आजोळी आल्यापासून रोज संध्याकाळी हा सामना रंगायचा. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. एका जागी दोन मिनिटं न टिकणाऱ्या मुलीला घरात दुसरं काय म्हणणार? आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं, आणि रस्त्यापलीकडे नाणेवाल्या आजोबांचं नाण्यांचं. दोघांचाही जीव नाण्यांवर, पण आजोबांचा जुन्यांवर आणि नाणेवाल्यांचा नव्यांवर. रविवारी वाचनालयात नाण्यांचं प्रदर्शन होतं आणि दोघांची टेबलं शेजारी शेजारी लागायची होती. त्यामुळे सामन्याला धार चढली होती.

"पण जुनं नाणं महागच असणार ना?" भिंगरीच्या धाकट्या भावाने, वाटाण्याने, मध्येच तोंड घातलं.

"असं कुणी सांगितलं तुला?" नाणेवाले सरसावून बसले. "नाणी किती उरलीत, कशी उरलीत आणि किती लोक त्यांच्यामागे लागलेत, यावर ठरतं ते. माझ्याकडे एक नवंकोरं नाणं आहे. टाकसाळीत ठसा सरकला आणि चित्र अर्धं बाहेर गेलं. त्या एका नाण्याच्या किमतीत तुझ्या आजोबांचा नाण्यांचा अर्धा खण येईल."

"आणि तुमची ती मखमली डबीत मिळणारी स्मारक नाणी? लाखांनी पाडली आणि लाखभर लोकांनी जपून ठेवली. त्यांना कोण विचारतो?" आजोबा म्हणाले.

"दिसतात तरी छान! रविवारी बघा, लोक माझ्या टेबलापुढून हलणार नाहीत. तुमच्याकडे अंधार!"

बिस्किटं फस्त करत बसलेला मामा एवढंच ऐकून उठला. त्याचं चषक आणि ढाली बनवण्याचं छोटं वर्कशॉप होतं आणि तो कायम घाईत असायचा. भिंगरीचा तो भारी लाडका होता, कारण मोठ्या माणसांसारखं वागणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विपरीत घडलं. संध्याकाळी नाणेवाले नेहमीसारखे आले, तर आजोबा दारातच उभे होते. चेहरा पांढराफटक आणि तळहातावर तीन नाणी. लखलखीत!

"माझी जुनी नाणी काढून त्या जागी नव्या नकला ठेवल्यात," ते म्हणाले. "कपाटाची किल्ली कुठे असते ते घराबाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक आहे."

नाणेवाले तसेच वळले आणि रस्ता ओलांडून गेले. आजोबांनी दुकानाचं दार लावून घेतलं. "घरात कुणाला सांगू नका. मामालाही नाही," त्यांनी मुलांना बजावलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात तिघांची बैठक बसली. तिसरा म्हणजे नाणेवाल्यांचा नातू. त्याला सगळे चष्मिस म्हणत आणि तो ते मनावर घेत नसे. आज मात्र त्याचे डोळे सुजलेले होते.

"आजोबा दुकान उघडत नाहीत. प्रदर्शनालाही जाणार नाही म्हणतात," तो म्हणाला. "भिंगरी, ते चोर नाहीत गं."

"मला ते शिकवायला हवं का?" भिंगरी म्हणाली. या दोन म्हाताऱ्यांचं भांडण ऐकल्याशिवाय सुट्टी म्हणजे सुट्टीच नव्हती. "हे बघा मी काय आणलंय."

तिने आजोबांचं डोळ्याला लावायचं भिंग आणि तीनपैकी एक चमकदार नाणं काढलं. लहानपणापासून ती या नाण्याशी खेळत आली होती. त्याच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखा एक टवका होता. भिंगातून पाहिलं, तर टवका अगदी तिथेच, तसाच.

"म्हणजे हे तेच नाणं आहे! कुणी बदललेलंच नाही!" चष्मिस ओरडला.

"कुणीतरी घासलंय फक्त. पण आजोबांना सांगितलं तर म्हणतात, नक्कल करणारे टवक्याचीसुद्धा नक्कल करतात. त्यांना पुरावा हवा."

"घासलं तर बिघडलं कुठे? स्वच्छच झालं की," वाटाणा म्हणाला.

चष्मिसने चष्मा सावरला. या विषयात तो आजोबांच्या तालमीत तयार झालेला होता. "अरे, तो काळपट थर वर्षानुवर्षं चढतो. त्यावरूनच नाणं अस्सल आहे ते कळतं. घासलं की थर गेला, बारीक नक्षी गेली आणि किंमतही गेली. नवं नाणं घासलं तर टाकसाळ दुसरं पाडते. हे कोण पाडणार?"

कपाटात आजोबांचं सगळ्यात आवडतं नाणं अजून काळंच होतं. जहाजाचं चित्र असलेलं, तांब्याचं. पुढचा नंबर त्याचाच लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"ते आपणच आधी पळवायचं," भिंगरी म्हणाली, "आणि त्या जागी खोटं म्हातारं ठेवायचं."

वाटाण्याच्या गल्ल्यातून तेवढ्याच आकाराचं एक तांबूस नवं नाणं निघालं. चष्मिसने शक्कल सांगितली, आणि उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून नाणं त्याच्यासोबत घट्ट झाकणाच्या डब्यात बंद झालं. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा वाटाणा नाक धरून अंगणाच्या टोकाला पळाला. पण नाणं काळवंडलं होतं. वरून मेणबत्तीची काजळी फासली, तशी त्याच्यावरचं चित्रही दिसेनासं झालं.

"दोन दिवसांत शंभर वर्षांचं झालं बिचारं," भिंगरी म्हणाली.

खरं नाणं तिने रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि खोटं कपाटात. दुपारी आजोबांना डुलकी लागली. मग तिघं दुकानातल्या कामाच्या टेबलाखाली दाटीवाटीने शिरली. भिंतीवरची सगळी घड्याळं आपापल्या तालात टिकटिकत होती. वाटाण्याला शिंक येऊ लागली, तेव्हा भिंगरीने त्याचं नाकच दाबून धरलं.

दार हळूच करकरलं. चपला काढलेले दोन पाय कपाटाकडे गेले. किल्ली फिरली. भिंगरीने डोकं जरासं बाहेर काढलं.

मामा होता तो.

त्याने नाणं न बघताच खिशात टाकलं आणि शीळ घालत निघून गेला.

"मामा चोर आहे?" वाटाण्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गप्प बस. आधी बघू तरी," भिंगरी म्हणाली खरी, पण तिलाही उठवेना. नाणेवाले आजोबा सुटले आणि मामा अडकला, तर तिला काय मिळणार होतं? तरी ती उठली. निरपराध माणसाला घरी बसवून ठेवणंही तिच्याने होईना.

भिंतीच्या कडेकडेने तिघं मामाच्या वर्कशॉपपर्यंत पोचली. आत चषकांच्या रांगा लावलेल्या होत्या, आणि मामा मोटरवर गरगरणाऱ्या कापडी चाकावर ते नाणं टेकवत होता. काळी धूळ उडाली. मामाने नाणं उजेडात धरलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा धरलं. मग घाईघाईने मोटर बंद केली आणि मटकन स्टुलावर बसला.

"जहाज कुठे गेलं?" तो स्वतःशीच पुटपुटला. "हे तर आपलं बाजारातलं नाणं! अरे देवा, इतकं घासलं का मी, की जुन्याचं नवं झालं?"

वाटाणा खो खो हसत सुटला आणि गुपित फुटलं.

"मामा, तू हे काय करतोयस?" भिंगरी आत शिरली.

मामाने तिघांकडे पाहिलं आणि ओशाळून मान खाली घातली. "नाणेवाले म्हणाले ना, बाबांच्या टेबलावर अंधार असेल म्हणून. म्हटलं, माझं तर कामच चमकवायचं. एकेक नेऊन लख्ख करावं आणि रविवारी बाबांना चकित करावं. आवडली असतील ना त्यांना?"

भिंगरीला हसावं की रडावं ते कळेना. तिने मामाचा काळाकुट्ट हात धरला आणि त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मामाचा चेहरा पार उतरला.

आजोबांनी मामाचं म्हणणं ऐकलं आणि पुन्हा एकदा भिंगातून टवका पाहिला. ते मामाला रागावले नाहीत. तिन्ही नाणी खिशात टाकली, चपला पायात सरकवल्या आणि सरळ रस्ता ओलांडला. मागोमाग मामा, आणि त्याच्यामागे आपले तीन हेर.

नाणेवाले बंद दुकानात अंधारात बसले होते.

"माझं चुकलं," आजोबा उभ्याउभ्याच म्हणाले. "नाण्यापायी तुम्हाला चोर म्हणालो. मला माफ करा."

नाणेवाल्यांनी दिवा लावला, हात पुढे केला आणि ती तिन्ही नाणी भिंगाखाली उलटसुलट करून पाहिली.

"ही तिन्ही गेली," ते अखेर म्हणाले. "आता यांना विकत घेणारा भेटायचा नाही. पुन्हा काळी व्हायला यांना शंभर वर्षं लागतील."

"कळलं मला," आजोबा म्हणाले.

"माझा राग संध्याकाळपर्यंत जाईल. बसा." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, आणि चष्मिस न सांगता चहा सांगायला धावला.

भिंगरीने रुमाल उलगडून जहाजाचं नाणं टेबलावर ठेवलं, काळं आणि धडधाकट. दोघे म्हातारे त्याच्यावर वाकले. नाणेवाल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तुम्ही तिघांनी आमचं नाणंही वाचवलंत आणि आमची मैत्रीही. आम्हा दोघांच्या मिळून एवढी अक्कल निघाली नसती."

"रविवारी दोन्ही टेबलांपाशी ही तिघंच उभी राहतील," आजोबा म्हणाले. "लोकांना जुन्या-नव्याची किंमत तीच समजावून सांगतील."

मामाने दारातून घाबरत घाबरत विचारलं, "आणि मी काय करू?"

"तू टेबलाजवळ फिरकायचं नाहीस," दोघे आजोबा एका सुरात म्हणाले.