बटण चालू राहू दे

"सॉकेटच्या या तिसऱ्या भोकामागं काय आहे, सांगा बघू!"

पाचव्या मजल्यावरच्या नव्याकोऱ्या न्हाणीघराबाहेर ल्येननं टेस्टर रोखला, तो नेमका जिना चढून आलेल्या एका परक्या तरुणावर. बाहेर हनोईची ओलसर थंडी. त्याच्या केसांवर बारीक थेंब चमकत होते.

"भिंत," तो म्हणाला.

"भिंतच! भोकं तीन आणि तारा दोन. अर्थिंग कुठंय?"

तो खांग. छोट्याशा कारखान्यात स्वतः गीझर घडवणारा; इथले चोवीसही त्याचेच. ल्येन वीज तपासणारी. तिच्या सहीशिवाय घरांच्या चाव्या वाटता येणार नव्हत्या, आणि बिल्डरला तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, सणाआधी त्या वाटायच्याच होत्या.

"आपल्याकडे सगळे बटण बंद करूनच आंघोळ करतात…" खांग चाचरला. "पुस्तिकेत लाल अक्षरांत छापलंय मी."

"वा! म्हणजे तार तुम्ही घालायची नाही, आणि जीव घरातल्या आईनं सांभाळायचा! एखाद्या दिवशी पोराच्या डोळ्यांत साबण गेला, ती धांदलीत बटण बंद करायला विसरली आणि शॉक बसला, तर दोष तिचा?"

त्याचे कान लाल झाले. "तुम्ही नेहमी एवढ्या चिडता?"

"नाही. कधीकधी जास्त."

तो हसला – आणि ते हसू आपल्याला आवडलं, याचाही तिला राग आला.

तिसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस कागद घेऊन उभा. "सही करा हो बाई. अख्ख्या शहरात असंच चालतं."

"म्हणूनच करणार नाही!"

इतक्यात जिन्यावर धापा ऐकू आल्या. खांग खांद्यावर गीझर घेऊन चालला होता… खाली.

"हा शेवटचा," तो म्हणाला. "बाकीचे तेवीस खाली ट्रकमध्ये चढलेत. अर्थिंगच्या तारा टाकून झाल्या की परत आणतो."

बिल्डरचा माणूस ओरडत राहिला. ल्येन मात्र पुढं होऊन गीझरला आधार देत खाली उतरली.

मग भिंती फुटल्या, तारा पडल्या, गीझर परत बसले. ल्येननं एकूण एक सॉकेट तपासून पाहिलं.

"पहिली आंघोळ माझी," खांग टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाला. "बटण चालू ठेवून."

दार लागलं. पाणी पडू लागलं. बाहेर ल्येनचा हात – आईनं लहानपणापासून लावलेली सवय – आपसूक बटणाकडे गेला… आणि तिथंच थांबला.

"बंद केलंस का गं?" आतून हाक आली.

'गं' ऐकून ती दचकली. "नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना! सगळं स्वतः तपासलंय, तरी वाटते. तुझ्यासाठी वाटते, मूर्खा – आणि त्याचाच इतका राग येतोय!"

आत पाणी थांबलं.

"ल्येन… मग अशीच चिडत जा. रोज. माझ्या घरी."

तिनं हात मागे घेतला. बटणाचा लाल दिवा तसाच जळत राहिला.

"आधी अंग पूस," ती म्हणाली, "गारठशील."