मागून निघालेला निरोप

मेघकोठारातली राखीव प्रत उघडली, तेव्हा बालाघाट नियंत्रण केंद्रात टाळ्या वाजल्या. हेमांगी बोधनकरने मात्र टाळी वाजवली नाही. तिने आधी पडद्यावर 'निद्रापेटी दोन' ही नोंद शोधली, ती दिसल्यावर डोळे मिटले आणि मग पाणी मागितलं.

त्या पेटीत तिची धाकटी बहीण शर्वरी झोपली होती. नेपच्यूनच्या वाटेवरच्या 'अगस्ती' यानात दोनच माणसं होती; एक जागं असायचं, दुसरं शीतनिद्रेत. सध्या जागा होता वसईचा लुइस डाबरे. पेटी उघडायला किल्ली लागे, म्हणजे चाळीस अक्षरांचा एक निरर्थक शब्द. किल्लीवाचून पेटी फोडली तर जागृतीची औषधं क्रमाने जात नाहीत, आणि आतलं माणूस उठायच्या ऐवजी मरतं. असल्या शेकडो किल्ल्या लक्षात ठेवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं, म्हणून त्या किल्लीकोषात ठेवलेल्या असत. कोष उघडणारी गुरुकिल्ली दोघांनाच ठाऊक असे: यानावर जो जागा असेल त्याला आणि हा कोष जिने बांधला त्या हेमांगीला.

कोषाच्या प्रती तीन. एक केंद्रात, एक मेघकोठारात, म्हणजे क्लाउडवर, आणि एक यानावर. मागे एका सुधारणेच्या भानगडीत केंद्रातली प्रत बिघडली. ते लक्षात येईपर्यंत यंत्रणेने तो बिघाड इमानेइतबारे मेघकोठारातल्या चांगल्या प्रतीवर चढवला होता आणि यानाकडेही रवाना केला होता. तेवढ्यात 'अगस्ती' सूर्याआड गेलं आणि बोलणंच खुंटलं. इकडे शर्वरीच्या पेटीतलं पोषकद्रव उद्यापर्यंतच पुरणार होतं.

"कोठार खरं तर काहीच पुसत नाही, ताई," तहसीन मणेर म्हणाली. मेघकोठारांतून हरवलेलं शोधून काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "जुनी आवृत्ती नुसती अडगळीत टाकतं. चार शहरांत तुकडे पडले होते, ते जोडले. प्रत जुनी आहे, पण शर्वरी तिच्या आधीच झोपलीये. तेव्हा किल्ली हीच."

"हीच. किल्ली बदलते ती माणसाला नव्याने झोपवताना. मधे तिला कोण कशाला उठवतंय?" हेमांगी म्हणाली. "पाठवते."

"जरा दम धरू या का? यान आता सूर्याआडून बाहेर येतंय. आधी लुइस काय म्हणतो ते ऐकू. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग असं नको व्हायला."

"तो म्हणेल ते चार तासांपूर्वीचं असणार. निरोप जायला चार तास, यायला चार तास. उजेडाच्या पुढे काही धावत नाही, तहसीन. पेटीत तुझी बहीण असती तर तू थांबली असतीस?"

तहसीनने विचारलं, "ही प्रत गेली की यानावरच्या प्रतीचं काय होतं?"

"एकवाक्यतेचा नियम. तिन्ही प्रतींत जिला शेवटचा हात लागला ती खरी. आपण आज हात लावला, म्हणजे आपली खरी. यानावरची पुसली जाईल."

"पण अडगळीत राहील ना?"

"यानावर अडगळच नाही. मी ठेवू दिलेली नाही."

पूर्वी दुसऱ्या एका यानाच्या अडगळीतून जुन्या किल्ल्या चोरीला गेल्या होत्या. दुधाने तोंड पोळल्यावर हेमांगी ताकही फुंकून पिऊ लागली होती. जुनी प्रत तत्क्षणी नष्ट व्हावी, हा तिचा एक नियम. किल्ली तोंडाने कधी उच्चारायची नाही, हा दुसरा. प्रशिक्षणात लुइसने एकदा किल्ली बिनतारी यंत्रावर वाचून दाखवली, तर तिने त्याला एका उड्डाणातून काढलं होतं. "ताईंना त्यांच्याच घराची किल्ली मागा, त्या आधी तुमचं ओळखपत्र बघतील," असं तो पुढे सगळ्यांना सांगत फिरायचा. नियम करणाऱ्याला स्वतःचे नियम फार देखणे दिसतात. हेमांगीलाही ते तसेच दिसत.

तिने प्रत पाठवली. कुणीतरी पेढे आणायला गेलं.

पेढे यायच्या आत, वीसेक मिनिटांनी, खरखरीतून लुइसचा आवाज आला.

"ताई, लुइस बोलतोय. तुमची ती बिघडलेली प्रत अर्धीच पोचली बरं का. अर्धवट प्रत कोष घेत नाही, त्यामुळे माझी शाबूत आहे. आणि शाबूत आहे हे नशीब! मधे अँटेना अडकली, शर्वरीला उठवावं लागलं. चार दिवस राबली बिचारी, तुमच्या नावाने खडे फोडत. अर्धीच दुरुस्त झाली. ऐकू सगळं येतं, पण पाठवता येतो तो नुसता आवाज. तिला परत झोपवलंय. नवी किल्ली आता फक्त माझ्याकडे आहे, तेव्हा इकडे काहीही पाठवू नका. पोषकद्रव उद्यापर्यंत पुरतंय, सकाळी उठवतो तिला. आज झोपू दे पोरीला."

हेमांगीला रडू आलं नाही. आधी संताप आला, तोही स्वतःचाच.

तिने तत्काळ दोन वाक्यं पाठवली: "आमची प्रत घेऊ नकोस. शर्वरीची किल्ली वाचून दाखव." तहसीनने कागदावर एक रेघ ओढली आणि तिच्यावर दोन ठिपके काढले. पुढच्या ठिपक्यावर लिहिलं 'प्रत', मागच्यावर 'निरोप'. दोघांचा वेग एकच. वीस मिनिटांचं अंतर नेपच्यूनपर्यंत वीस मिनिटंच राहणार होतं. पुढचा ठिपका एव्हाना मंगळाच्या कक्षेपाशी पोचला असेल. शर्वरीची किल्ली अजून शाबूत होती आणि तिला वाचवू शकेल असं विश्वात काही नव्हतं.

"एक आहे," तहसीन हळूच म्हणाली. "प्रत पोचेपर्यंत तो जे बोलेल ते आपल्याकडे संध्याकाळपर्यंत येत राहणार. तेवढ्यात त्याने किल्ली वाचली तर?"

"माझी परवानगी नसताना?"

"लुइस आहे तो, ताई. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

दोघी ऐकत बसल्या. लुइस खरंच बोलतच होता. त्याने यानातल्या मेथीच्या वाफ्याची खबर दिली. शर्वरीने बोंबलाची चटणी संपवल्याची तक्रार केली. लग्नातलं एक गाणं म्हटलं आणि मधल्या ओळी विसरला. चार तास भरले, यानावरची किल्ली पुसली गेली, पण खोलीत काहीच घडलं नाही. लुइस मेथीबद्दलच बोलत होता. हेमांगीने हातातली पेन्सिल खाली ठेवली नाही. तिने चाळीस चौकोन आखून ठेवले होते.

संध्याकाळी, शेवटच्या काही मिनिटांत, त्याचा सूर बदलला.

"ताई, कोष उघडून बसलोय. शर्वरीची किल्ली समोर आहे. मनात आलं, माझीही प्रत बिघडली तर? एकदा वाचून दाखवावी, तुम्ही लिहून घ्याल. अगदी तोंड उघडलं होतं."

हेमांगी पुढे वाकली.

"मग म्हटलं, नको. मागे वाचली तर तुम्ही वर्षभर बोलला नव्हतात माझ्याशी. तुम्ही एकदा हो म्हणा, लगेच वाचतो. कितीही वेळ लागू दे, हा इथेच बसलोय." मग तो जरा थांबला. "अरे? समोरची अक्षरं बदलली. ताई, तुम्ही काही पाठवलंत का?"

हेमांगीचा होकार त्याला पोचला, तो त्यानंतर वीस मिनिटांनी.