उंचवटा गेला कुठे?

"भुंग्या, कागदांची सरमिसळ तूच केलीस ना?" ताईने सगळ्यांसमोर विचारलं, आणि तिचा धाकटा भाऊ मान खाली घालून उभा राहिला.

सुट्टीत दोघं आत्याच्या वेधशाळेत मदतीला जात. काही दीर्घिकांच्या पोटात अजस्र कृष्णविवर वायू गिळत बसलेलं असतं, त्यामुळे त्यांचं केंद्र झगझगतं. त्या प्रकाशाच्या आलेखात बारीक सुळक्यांसोबत रुंद उंचवटा दिसला, तर कागद पहिल्या ट्रेत. नुसतेच सुळके असले, तर दुसऱ्यात. भुंगा कागद लावायचा, ताई तपासायची.

आज पहिल्या ट्रेतल्या एका दीर्घिकेचा नवा आलेख आला होता, पण त्यात उंचवटाच नव्हता.

"भलत्याच दीर्घिकेचा कागद लागलाय," संचालक म्हणाले. "एकदा ठरलेला प्रकार बदलतो होय? टाका तो टोपलीत. आणि हा पोरगा उद्यापासून नको."

आत्यानेही न बघताच मान डोलावली.

भुंगा जिन्यात जाऊन बसला. "मी नाही केलं गं. पण तू म्हणालीस, म्हणून सगळ्यांना खरं वाटलं."

ताईने त्याला तसं करताना पाहिलं कुठे होतं? तपासणारी आपण, बोल आपल्याला लागेल, या भीतीने तिने धाकट्याकडे बोट दाखवलं होतं. बाळांनो, अशा वेळी देवाला हाक मारायलाही तोंड राहत नाही.

तिने टोपलीतला कागद काढून जिन्यात आणला. "चल, शोधू या."

"माझ्याशी बोलू नकोस."

"नको बोलू. कागद तरी धर."

जुना आणि नवा आलेख त्यांनी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. भुंग्याचा अबोला तिथेच संपला. "ताई, सगळे सुळके तंतोतंत बसले! फक्त उंचवटा गायब."

"म्हणजे दीर्घिका तीच," मागून आत्या म्हणाली. "सुळके दूरवरच्या वायूचे, ते सहसा इतक्यात बदलत नाहीत. उंचवटा विवराजवळच्या वायूचा. विवराला घास कमी पडला, की तो मावळू शकतो. असं क्वचितच सापडतं. आणि मी बघितलंसुद्धा नाही."

तिच्या हाकेने सगळे जमले आणि संचालकांनी काचेवरचे आलेख स्वतः जुळवून पाहिले. त्यांचे कान लाल झाले. "आम्ही फेकलेलं तुम्ही शोधलंत, पोरांनो. शाबास. भुंग्या, मी चुकलो. उद्या येशील ना?"

"आधी मी चुकले," ताई म्हणाली. "सगळ्यांसमोर आळ घेतला, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. भुंग्याने काहीच केलं नव्हतं."

भुंग्याने आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण पुसून, बदलणाऱ्या दीर्घिकांचा तिसरा ट्रे म्हणून, दोन ट्रेंच्या मध्ये ठेवलं आणि कागद ताईपुढे धरला.

"तपास," तो म्हणाला. "या वेळी बघून."