पहिल्या कप्प्यातला खेळाडू

“बाबांचे अल्बम कुठे आहेत?”

मनॉनने अंगातला कोटसुद्धा काढला नव्हता. दारातच उभं राहून तिने विचारलं, आणि ओमेरच्या हातातली पळी वाटाण्याच्या सूपमध्ये तशीच थांबली.

लिझेतला माती देऊन अजून आठवडा उलटला नव्हता. तिचा एप्रन खुंटीवर होता, चष्मा रेडिओशेजारी होता, खिडकीतल्या कुंडीला आता पाणी कोणी घालायचं हेही ठरलं नव्हतं… आणि तिच्या मुलीने घरात पाऊल टाकताच आठवण काढली ती त्याची! रेआलची! पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्या त्या माणसाची!

‘आजही तूच पहिला,’ ओमेर मनात म्हणाला.

“सूप घेतेस?”

“नको. अल्बम हवेत.”

“असतील की कपाटात, वरच्या फळीवर. लाल तो हॉकीचा, निळा तो बेसबॉलचा.”

“मग काढून द्या ना. माझा हात पोचत नाही.”

ओमेर जागचा हलला नाही.

रेआल हा लिझेतचा पहिला नवरा. ऐन पस्तिशीत हृदय बंद पडून गेला, आणि मागे बायको, दहा वर्षांची मनॉन आणि हे दोन अल्बम ठेवून गेला. माँट्रियलच्या खेळाडूंची कार्डं जमवायचा त्याला लहानपणापासून नाद. च्युइंगगमच्या पाकिटांतून निघणारी हॉकीची कार्डं तो शाळेत असल्यापासून साठवत होता, आणि पुढे शहराला एक्स्पोज हा बेसबॉलचा संघ मिळाला तेव्हा त्याने दुसरा अल्बम सुरू केला. दुसऱ्या शहराचा एकही खेळाडू त्याच्या अल्बममध्ये नव्हता म्हणे. ओमेरने हे फक्त ऐकलं होतं. बघितलं कधीच नव्हतं.

ओमेर गास्पेच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याचा मुलगा. शहरात येऊन छपरांना पत्रा ठोकायचं काम करायचा. लिझेतचं छप्पर गळत होतं म्हणून आला आणि पुढच्या वसंतात तिच्याशी लग्न करून राहिला. पहिल्या दिवशी जेवायला बसला तेव्हा तेरा वर्षांची मनॉन शांतपणे म्हणाली होती, “ती बाबांची खुर्ची आहे.” तो उठला. त्यानंतर त्या खुर्चीवर तो कधी बसला नाही. बाहेरच्या लोखंडी जिन्याला दर दोन वर्षांनी रंग त्याने दिला, गोठलेले नळ त्याने वितळवले, मनॉनच्या पहिल्या भाड्याच्या खोलीत कपाटं त्याने वर चढवली, पण गल्लीतली माणसं पत्ता सांगताना अजून म्हणायची, “ते रेआलचं घर, त्याच्या शेजारी.”

हे सगळं त्याने सोसलं असतं. पण शनिवारची संध्याकाळ सोसवायची नाही.

शनिवारी टीव्हीवरचा हॉकीचा सामना संपला की लिझेत अल्बम काढायची, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायची आणि एकेक पान उलटायची. ओमेर तिच्याकडे पाठ करून ताटल्या पुसत राहायचा. प्लास्टिकचं पान उलटताना चर्र असा बारीक आवाज व्हायचा, आणि तो आवाज थेट त्याच्या काळजावरून जायचा. जिवंत माणसाशी भांडता तरी येतं! त्याला दाराबाहेर बोलावता येतं, एक ठोसा देता येतो, दोन खाता येतात. पण जो कधी म्हातारा होत नाही, घोरत नाही, बर्फाने भरलेले बूट घालून पुसलेल्या फरशीवर येत नाही, बायकोच्या आईचा वाढदिवस विसरत नाही… त्या माणसाशी लढायचं कसं? ओमेरने एकच सूड घेतला होता. त्या अल्बमना आपण हात लावायचा नाही, आत डोकावायचं नाही! एवढा हट्ट त्याने धरून ठेवला होता.

आणि मग लग्नानंतर तिसऱ्या उन्हाळ्यात ती ढगफुटी झाली. लिझेत मनॉनला घेऊन दूर शिकूतिमी गावाला गेली होती. बहिणीचं मोठं ऑपरेशन होतं, सगळा उन्हाळा तिथेच राहायचं होतं. जाताना तिने ओमेरला स्वयंपाकघराला रंग द्यायला सांगितलं आणि रंगाचे थेंब पडू नयेत म्हणून अल्बम स्वतःच्या हाताने तळघरात नेऊन ठेवले. मग एका दुपारी आभाळ फाटलं, गटारं उलटी वाहू लागली, आणि ओमेर कामावरून परतला तेव्हा तळघरात कमरेएवढं घाण पाणी होतं. त्यात दोन्ही अल्बम बुडालेले.

त्याला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं? त्या घाण पाण्यात उभा राहून हा माणूस हसला! गेला, शेवटी गेला रेआल! आणि आपण बोटसुद्धा लावलं नाही!

मग त्याच्या डोळ्यांपुढे लिझेतचा चेहरा आला. ती रडेल… रेआलसाठी पुन्हा पहिल्यापासून रडेल. त्याला दुसऱ्यांदा पुरेल. आणि ते रडणं आपल्याला उघड्या डोळ्यांनी बघावं लागेल.

ते त्याला झेपण्यासारखं नव्हतं. मायेने म्हणा, मत्सराने म्हणा, त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

चर्चच्या तळमजल्यावर रविवारी कार्डांचा बाजार भरायचा. तिथे गाएतां नावाचा एक जाडजूड माणूस टेबल मांडून बसायचा.

“माँट्रियलचे सगळे खेळाडू हवेत,” ओमेर म्हणाला. “हॉकीचे आणि बेसबॉलचे. सालं मला ठाऊक आहेत, अल्बमच्या पाठीवर लिहिली होती.”

“सगळे? राव, लोक यात आयुष्य घालवतात.”

“मला उन्हाळा संपायच्या आत हवेत.”

गाएतांने त्याला खालून वर न्याहाळलं आणि एक कोरं करकरीत कार्ड पुढे केलं. “हे बघा, चारी कोपरे शाबूत. सुरीसारखे.”

“असलं नको. कोपरे झिजलेलं दाखवा. खिशात घालून शाळेत नेलेलं वाटलं पाहिजे.”

“अहो, वीस वर्षं धंदा करतोय,” गाएतां शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं ओरडला, “खराब माल मागणारं पहिलं गिऱ्हाईक आलं बघा! बायकोशी भांडून आलात काय?”

“भांडण नको म्हणून आलोय.”

गाएतां खो खो हसला. पण शेवटी त्याने विचारायचं ते विचारलंच. “बदल्यात काय देणार?”

ओमेरकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती. बापाने बांधलेली लाकडी बोट. गास्पेहून ट्रकवर घालून आणलेली; दर रविवारी पहाटे ती नदीत सोडून तो मासे धरायचा, आणि आठवड्यातून तेवढा वेळ त्याला कोणाच्याही खुर्चीची आठवण होत नसे. गाएतांने अंगणात येऊन बोट बघितली, तिच्या लाकडावरून हात फिरवला, आणि हसणं थांबवून म्हणाला, “नक्की?”

“न्या.”

मग रविवारमागून रविवार कार्डं येत गेली. अल्बमच्या घासून धुतलेल्या जुन्या पुठ्ठ्यांत ओमेरने नवी पानं बसवली आणि पत्रा ठोकून राठ झालेल्या बोटांनी एकेक कार्ड कप्प्यात सरकवलं. मधेच काही कार्डांशी तो अडला. खेळाडूच्या अंगात दुसऱ्याच शहराचा सदरा, डोक्यावर त्यांचीच टोपी, आणि खाली बारीक अक्षरांत दोन भाषांत छापलेलं – आता एक्स्पोजबरोबर.

“हे काय?”

“हंगाम सुरू व्हायच्या सुमारास विकत घेतलेला खेळाडू. नव्या सदऱ्यातला फोटो काढायला वेळ नसायचा, म्हणून जुन्याच फोटोवर तेवढी ओळ टाकायचे. कोणी ठेवतात, कोणी नाही. तुमचं कसं होतं?”

ओमेरला कसं ठाऊक असणार? त्याने एकदाही आत बघितलं नव्हतं! तो थोडा वेळ त्या दुसऱ्याच्या सदऱ्यातल्या माणसाकडे बघत राहिला.

“आपल्याकडे आलाय असं लिहिलंय ना? मग आपलाच. द्या.”

लिझेत परतली त्या संध्याकाळीच तिने निळा अल्बम उघडला. ओमेर नळाखाली हात धरून उभा. चर्र… चर्र… आणि मग एका पानाशी आवाज थांबला. खूप वेळ थांबला. शेवटी अल्बम मिटल्याचा आवाज आला.

“अंगणातली बोट दिसत नाही ती?”

“दिली. कंटाळा आला मासे धरायचा.”

“गास्पेच्या माणसाला?”

“गास्पेच्या माणसालाही येतो कधी कधी.”

ती उठली, आणि साखर भरून भाजलेल्या पाईचा भलामोठा तुकडा त्याच्या ताटलीत वाढून, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून झोपायला गेली.

पुढे मात्र विपरीतच घडलं. पूर्वी शनिवारी निघणारा अल्बम आता दर संध्याकाळी निघू लागला! लिझेत तो उघडून बसायची आणि गालात हसायची… ते हसू ओमेरला कधी मिळालं नव्हतं, निदान त्याला तसं वाटायचं. आपली बोट देऊन आपणच या माणसाला पुन्हा जिवंत केला, आणि आता हा रोज जेवायला येतो!

“ओमेर, ये ना, बस इथे,” ती म्हणायची. “एकदा तरी बघ.”

“तुझं तू बघ.”

“हे एक पान बघ नुसतं.”

“बाहेर बर्फ साचलंय,” असं म्हणून तो फावडं घेऊन बाहेर पडायचा. कधी कधी बर्फ नसतानाही. हे असं वर्षानुवर्षं चाललं. एक्स्पोज हा संघसुद्धा शहर सोडून दुसरीकडे गेला, स्टेडियम ओस पडलं, तरी लिझेतचा अल्बम काही मिटला नाही. गेल्या आठवड्यात दवाखान्यात, आवाज जवळजवळ गेलेला असताना, ती शेवटचं म्हणाली तेही हेच – “एकदा तरी बघ…” आणि त्याने मान दुसरीकडे वळवली होती.

“ओमेर, ऐकताय ना?” मनॉन म्हणाली.

तो खुर्चीवर चढला. दोन्ही अल्बम काढून टेबलावर ठेवले. ही ते घेऊन जाईल. मग इकडे यायला तिला कारणच उरणार नाही. हसताना लिझेतसारखी नाकाला मुरड घालणारी, लिझेतची एवढीच एक खूण जगात उरली होती, आणि तीही जाईल. गप्प बसलं तर निदान नाताळला एखादा फोन तरी करेल. पण बापाची म्हणून हिने आयुष्यभर दुसऱ्याचीच कार्डं उराशी धरायची? रेआलचा त्याने मनापासून द्वेष केला होता. त्याच्या पोरीला फसवणं मात्र त्याच्याने होईना.

“मनॉन, थांब. ही तुझ्या बाबांची नाहीत.”

त्याने कोट चढवला, मागच्या शेडमध्ये गेला आणि बिस्किटांचा एक जुना डबा घेऊन आला. झाकण गंजलेलं होतं. जोर लावून उघडावं लागलं. आत पुठ्ठ्याच्या विटा असाव्यात तसे गोळे होते. एकमेकांना चिकटून वाळलेली कार्डं. कुठे एक डोळा, कुठे लाल सदऱ्याची बाही.

“त्या पुरात गेली. मी दुसरी आणून भरली. ही… ही टाकवेनात. टाकायला दोनदा नेली, परत आणली. तुझ्या बाबांची एवढीच आहेत. ने. मला वाटेल ते बोल, पण तुझ्या आईला दोष देऊ नकोस, तिला काही ठाऊक नव्हतं.”

मनॉनने एक गोळा उचलून तळहातावर धरला. तिचा चेहरा बघायची ओमेरची हिंमत झाली नाही.

“आईला पहिल्या दिवशीच कळलं होतं,” ती म्हणाली.

ओमेरने झटकन मान वर केली.

“बाबांचा नियम होता. दुसऱ्या शहराच्या सदऱ्यातला माणूस अल्बममध्ये घ्यायचा नाही, खाली काहीही छापलेलं असो. मी लहानपणी असं एक कार्ड घातलं होतं, तर दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. आईने तिसरंच पान उलटलं, आणि समोर परका सदरा! नंतर अंगणात बघते तर बोट नाही. दवाखान्यात सांगितलं तिने मला.”

“मग ती… मला का बोलली नाही?”

“मीही हेच विचारलं. म्हणाली, मला कळू नये म्हणून त्याने बोट दिली. मला कळलंय असं सांगितलं तर त्याने दिलेल्याचं काय राहिलं? तो जळतो, मला दिसतं; पण एकदा स्वतः उघडून बघेल ना, मग थांबेल.” मनॉनने लाल अल्बम पुढे ओढला. “शेवटी तीच हरली. म्हणाली, तो आपणहून बघायचा नाही, तू जा आणि त्याला पहिलं पान दाखव. मी न्यायला नाही आले, ओमेर. दाखवायला आले.”

तिने लाल अल्बम उघडला.

पहिल्या पानावरच्या पहिल्या कप्प्यात रेआलचा लाडका गोलरक्षक असायचा, एवढं लिझेतच्या बोलण्यातून कानावर आलेलं होतं. ओमेरने तिथे तसलाच एक शोधून लावला होता. आता तिथे हॉकीचा खेळाडूच नव्हता. एक मिशीवाला बेसबॉलवाला होता, अंगात परक्या शहराचा सदरा, आणि खाली ती बारीक ओळ. कार्डावरचं प्लास्टिक बोट फिरून फिरून धुरकट झालं होतं. बाकी सगळे कप्पे स्वच्छ होते.

“आईनेच लावलाय. हॉकीच्या अल्बममध्ये बेसबॉल!” रडता रडता मनॉन हसली, नाकाला मुरड घालून. “बाबा थडग्यातून उठून आले असते.”

टेबलाचा आधार घेत ओमेर मागे सरकला, आणि मनॉनने पायाने खुर्ची ओढून त्याच्यामागे लावली. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं ती कुठली ते. तो दचकून उठू लागला.

“बस,” मनॉन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. “बस रे. मीही कमी जळले नाही तुझ्यावर. आई रोज त्या पानाशी हसते, बाबांना बघून हसते, असं समजून मी मनात म्हणायचे, बघ, तू इथला नाहीसच… आपण दोघंही वेडे.”

तिने कोट काढून खुंटीवर लिझेतच्या एप्रनशेजारी टांगला आणि दोन वाट्यांत सूप वाढलं. जाताना बिस्किटांचा डबा तिने पोटाशी धरला.

“हा माझा,” ती म्हणाली. “ते अल्बम तुझे. रविवारी येते, झाडाला पाणी घालून ठेव.”

तिची पावलं लोखंडी जिन्यावरून खाली गेली. बाहेर पहिलं बर्फ पडू लागलं होतं, फावडं दाराशी होतं, पण ओमेर उठला नाही. त्याने लिझेतचा चष्मा रेडिओजवळून उचलून अल्बमशेजारी ठेवला आणि पान उलटलं. चर्र. मग दुसरं. मग तिसरं.

“बघतोय गं,” तो म्हणाला. “बघतोय…”