हंड्याखालची ओल

ही गोष्ट खरी आहे. खोटं लिहायचं असतं तर म्हातारपणी अक्षरं शिकलो नसतो.

आणि ही रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

साल बावन्न. गाव निंबर्गा. वैशाखाचं ऊन. मी तेव्हा गवंडीकाम करायचो. उद्धवरावांनी बोलावणं धाडलं, कारण त्यांच्या मागल्या खोलीत रोज दुपारी जमीन ओली होत होती.

पाऊस नाही. ओढा आटलेला. गावच्या विहिरीचा तळ दिसत होता.

"मालक, विहिरीला पाणी न्हाई अन् तुमच्या जमिनीला फुटलंय. नशीबवान हाव!"

ते हसले नाहीत.

"गळती शोध, अंबाजी. कुठंतरी असंल. असायलाच पायजे."

माळवदावर चढलो. माती तडकलेली, कोरडी ठाक. भिंती ठोकून पाहिल्या. कोरड्या. खोलीत उंच लाकडी घडवंचीवर पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा होता. त्याच्या बुडाखाली हात फिरवला.

तोही कोरडा.

ओल मात्र घडवंचीच्या पायाशीच...

मग मी नेहमीचा उपाय काढला. जमिनीवर चाळलेली राख पसरायची आणि दार लावायचं. ओल जिथून येते तिथली राख आधी काळी पडते.

"बाई, चुलीतली राख द्या."

उद्धवरावांच्या बायकोच्या, चंद्रभागाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

"राख कामून? आमच्या घरात राख पसरत न्हाईत."

मला उशिरा आठवलं. आमच्याकडे माणूस गेलं की राख पसरतात आणि त्यावर कसलं पाऊल उमटतं ते बघतात. उद्धवरावांची आई गेली, तेव्हा या घरात कुणी बघितलं नव्हतं.

"पसर," उद्धवराव म्हणाले. "गळतीच हाय ती."

राख पसरली. दार ओढलं. तिघं ओसरीत बसलो.

आधी काहीच नाही.

मग... पोतं ओढावं तसा आवाज.

थांबला.

पुन्हा...

मग लाकडावर नखं.

मग काहीच नाही. ते काहीच नाही फार वेळ चाललं.

उद्धवराव उठेनात. दार मी उघडलं.

राखेत पाऊल नव्हतं. कोपऱ्यातल्या बाजेपासून एक रुंद पट्टा सरपटत आला होता. दोन्ही बाजूंना तळहातांचे ठसे. आणि घडवंचीच्या पायावर ओली बोटं... वर... आणखी वर...

हंड्याच्या वीतभर खाली संपलेली.

चंद्रभागाबाई दाराशी आल्या.

"मी भरून ठिवला होता वं... काठोकाठ..."

अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भीतीनं ही मंडळी सोलापूरकडे पळाली. सासूचे पाय गेलेले, ती याच खोलीत बाजेवर. गाडीत जागा नव्हती. दोन दिवसांत येतो म्हणाले. आले ते पोलीस ॲक्शन झाल्यावर.

"आलो तवा हंडा तसाच भरलेला होता, अंबाजी. पेयाचं पाणी जमिनीवर ठिवू न्हाई म्हून... मी वरच ठिवला. सवयीनं."

"गळती हाय," उद्धवराव भिंतीकडे बघत म्हणाले. "सांग की रे तिला."



बाईंनी हंडा उचलला आणि जमिनीवर ठेवला. शेजारी पेला.

दुसऱ्या दिवशी ओल नव्हती.

हंडा मात्र संध्याकाळी... रिकामा.

रोज भरायचा. रोज रिकामा. मी त्याला बाहेरून राख चोळून पाहिली. कुठं थेंबसुद्धा नाही. बाई लांबच्या मळ्यातून डोक्यावर पाणी आणायच्या.

"बाई, किती दिवस करायलाव हे?"

"लई तहान हाय तिला," त्या म्हणाल्या. "भागायला येळ लागंल."

मरेपर्यंत आणलं त्यांनी. आता ते घर बंद आहे. हंडा भरणारं कुणी नाही.

माझ्या घरी पाणी जमिनीवरच असतं. सून चिडते. पण उन्हाळ्यात भर दुपारी कधी कधी पेला वाजतो...

मी उठून बघत नाही. संध्याकाळी गुपचूप पाणी भरतो.